अठ्ठावीस नंबरची चेष्टा

"गाडीनं एअर घेतली," माझे वडील म्हणाले. म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली.

बस बंद पडून अर्धा मिनिटही झालं नव्हतं. ड्रायव्हर अजून स्टार्टरच मारत होता, इंजिन खोकून खोकून गप्प होत होतं, आणि सगळे प्रवासी माना उंचावून पुढं बघत होते. शांत बसलेला माणूस एकच, शेवटच्या सीटवर खिडकीशी. रंगराव खराडे. चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढलेली, इंजिनाच्या आवाजावरून रोग सांगायचे. सांगलीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, फोरमन म्हणत.

मी त्यांच्याजवळ गेले आणि हळूच विचारलं, "आण्णा, म्हणजे किती वेळ जाईल?"

"इथं आण्णा कोण?" खिडकीतून नजर न काढता ते म्हणाले. "प्रवासी नंबर अठ्ठावीस. काय ते ड्रायव्हरला विचारा, मॅनेजरबाई."

बारा दिवस हे असंच चाललं होतं.

पंच्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. मी सव्वीस वर्षांची, सांगलीतल्या एका यात्रा कंपनीत फोन घ्यायचे आणि लोकांच्या शंका मिटवायचे. तिकडं खायला काय मिळेल, बाटलीचं पाणी घ्यायचं का साधं चालेल, हिंदी आली नाही तर भागेल का, देवळात पाकीट कुठं ठेवायचं. सगळी उत्तरं तोंडपाठ, आणि मी स्वतः कोल्हापूरच्या पलीकडं गेलेली नव्हते! मग ओरिसाच्या सहलीचे मॅनेजर ऐन वेळी काविळीनं झोपले. मालक मगदूमशेठ यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं घरातलं शेवटचं भांडं बाहेर काढावं. "शैला, तू जा," ते म्हणाले. "पण एक ध्यानात ठेव. बाई मॅनेजर आपण पहिल्यांदा पाठवतोय. एक जरी लेखी तक्रार आली तरी परत फोनवर."

घरी सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी आण्णांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"चौकात माझी चेष्टा करायला लागलेत," ते म्हणाले. "पानपट्टीवरचा भिवा काय म्हणाला ठाऊक आहे? फोरमनची पोरगी क्लीनर झाली! उभ्या आयुष्यात माझी चेष्टा करायची कुणाची छाती झाली नव्हती."

आईनं मध्ये पडून बघितलं, मी रडून बघितलं. दोन दिवसांनी आण्णा कंपनीत गेले आणि शेवटची उरलेली सीट स्वतःच्या नावावर घेऊन आले. अठ्ठावीस नंबर. "बघतो तर खरं, काय नोकरी आहे ती," मला म्हणाले. "तिथं मी तुझा बाप नाही, तू माझी पोरगी नाहीस. एक गोष्ट जरी वावगी दिसली, तर सांगलीत उतरल्यावर राजीनामा द्यायचा. कबूल?"

मी कबूल म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांच्यासमोर मान वर करून बोलायची मला सवयच नव्हती. निघायच्या दिवशी माझी बॅग माझ्याच डोक्यावर, आणि ते दहा पावलं पुढं, ओळख नसल्यासारखे.

पण खरं सांगते, ओरिसानं त्यांना थोडं मऊ केलं. तिथली माणसं मोठ्यांशी बोलताना दर वाक्याला 'आज्ञा' म्हणतात, आपण 'जी' किंवा 'साहेब' म्हणतो तसं. हॉटेलातला माणूस चहा ठेवताना 'आज्ञा', नावाडी हात देताना 'आज्ञा'. आण्णा खूश! "याला म्हणायचं वळण," ते शेजारच्याला सांगायचे. "आमच्या पोरांना आज्ञा म्हणजे काय ते पाठ करून तरी येतं का?"

आणि आमच्यात होत्या नलिनीबाई लिमये, मिरजेच्या निवृत्त शिक्षिका. पहिल्याच दिवशी स्टेशनवर त्यांनी पाणी मागितलं, आणि विकणाराही 'पाणि' म्हणाला. ण खणखणीत. बाई तिथंच थांबल्या. "अहो, हे पानी म्हणत नाहीत, पाणी म्हणतात!" मग फळवाल्याकडं 'फळ' सापडलं, काळ्या रंगाला 'कळा' सापडलं, आणि बाईंनी वही काढली. आपल्यासारखा ळ इतक्या लांब ऐकायला मिळतो याचा त्यांना इतका आनंद झाला, की चार दिवसांत अख्खी बस शब्द गोळा करायला लागली. "आपलेच शब्द हो सगळे," जो तो म्हणायचा. कुणाला परका मुलूख वाटेना. मलाही बरं वाटत होतं. गोडीगुलाबीनं चाललंय, लेखी तक्रार कशाला येतेय!

आणि परतीच्या दिवशी, चिल्का सरोवर मागं टाकून भुवनेश्वरकडं निघालो असताना, सकाळी नऊ वाजता बस बंद पडली. साडेतीनची रेल्वे. भुवनेश्वर अजून तीन तास. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातशेतं, आणि मागं दोनशे पावलांवर एक पत्र्याची शेड, दारावर जुना टायर टांगलेला.

आमचे तिथले गाईड गोलकबाबू त्या शेडमधून मेकॅनिकला घेऊन आले. बैरागी बेहेरा त्याचं नाव. चाळिशीचा, काटकुळा, लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात पान्यांचा डबा. हिंदी त्याला येत नव्हती, ड्रायव्हरलाही नाही, आणि आम्हाला ओडिया येत नव्हती. गोलकबाबूंनी त्याला काम समजावलं आणि दुसऱ्या बसची काही सोय होते का ते फोनवरून बघायला एका ट्रकमधून पुढच्या गावाला गेले. म्हणजे दोन्हीकडचं कळणारा एकच माणूस होता, तोही गेला.

बैरागी खाली शिरला, बाहेर आला, बॉनेट उघडलं, नळ्यांवरून बोटं फिरवली, परत खाली शिरला. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. आण्णा आधी खिडकीतून बघत होते. मग खाली उतरले. मग हात मागं बांधून त्याच्या डोक्याशी उभे राहिले, आणि मला कळलं की आता काही खरं नाही.

"टाकीकडनं येणारी नळी बघितली का?" आण्णा मराठीत म्हणाले. "एअर तिकडनंच खेचतेय. फिल्टर कशाला खोलतोयस?"

बैरागीनं मान वर केली आणि हसून म्हणाला, "चेष्टा करुछि, आज्ञा."

आण्णा थबकले. "काय म्हणाला?"

बैरागीला वाटलं असणार, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. त्यानं आवाज चढवला आणि एकेक अक्षर सोडवून सांगितलं. "चे-ष्टा. क-रु-छि."

बाराव्या दिवशी सगळ्यांनाच ओडिया येत होती ना! मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, तोंडावर सांगतोय की!" आणि कुणीतरी फिसकन हसलं.

त्या हसण्यानं घात केला. आण्णांचा चेहरा लाल झाला. "माझी चेष्टा करतोस?" ते ओरडले. "माझी? तू जन्माला यायच्या आधीपासून इंजिनं खोलतोय मी! इतक्या लांब येऊनसुद्धा चेष्टाच व्हायची का माझी?" आणि त्यांनी बैरागीच्या हातातला पाना हिसकावून शेतात भिरकावला.

शब्द कळले नसतील, पण पाना गेलेला बैरागीला कळला. तो क्षणभर शेताकडं बघत राहिला. मग त्यानं हात पुसले, डबा उचलला आणि शेडकडं चालू लागला.

मी तीन पावलांवर उभी होते. आजही आठवलं की मला माझीच लाज वाटते. 'अहो थांबा' एवढंसुद्धा म्हणाले नाही मी. मनात काय आलं सांगू? आण्णा रागावलेत, आता त्यांच्या वाटेला जायला नको. लहानपणी घरात यायचं तेच. सत्तावीस माणसं रस्त्यावर उभी, आणि मॅनेजरबाई बापाला घाबरून गप्प!

साडेदहाला गोलकबाबू परत आले. दुसरी बस तीनच्या आत मिळत नव्हती. "बैरागी कुठं गेला?" त्यांनी विचारलं. मी झालं ते सांगितलं. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"पण तो चेष्टा का करेल?" मी म्हणाले. "त्याला कुणी काय म्हटलं होतं?"

"चेष्टा तो करेगा ना, मॅडम," गोलकबाबू गोंधळून म्हणाले. "उसी के लिए तो बुलाया. चेष्टा मतलब कोशिश."

मग नलिनीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! हिंदीतसुद्धा आहे की हा शब्द. राष्ट्रभाषेच्या तीन परीक्षा दिल्या मी, मेलं एक आठवेल तर शपथ! प्रयत्न करतोय म्हणत होता बिचारा. दोनदा म्हणाला."

आण्णा बसच्या पायरीवर बसले होते. त्यांनी ऐकलं. ऐकून उठले, आत गेले, आणि आपल्या खिडकीशी जाऊन बसले.

गोलकबाबू शेडकडं गेले आणि पाच मिनिटांत परत आले. बैरागीचा निरोप सरळ होता. पैशाचं काही नाही, रागही नाही. पण हा पाना त्याच्या उस्तादानं दिलेला. ज्यानं फेकला त्यानं उचलून आणून द्यावा, मग तो काम करेल. जवळचा दुसरा मेकॅनिक वीस किलोमीटरवर, आणि तो आज लग्नाला गेलेला.

"द्या सोडून, मी आणते शोधून," नलिनीबाई साडी खोचत म्हणाल्या. "त्याला काय कळतंय कुणी उचलला ते."

मलाही तेच सुचलं होतं. आपणच आणावा, फोरमननी आणला म्हणून सांगावं, दोन्हीकडचा मान राहील. पण मी शेडकडं बघितलं. बैरागी दारात उकिडवा बसून आमच्याकडंच बघत होता. वय सोडलं तर बसायची ढब थेट आण्णांची. आण्णांच्या हत्याराला आम्ही पोरांनी हात लावला तर ते दोन दिवस बोलायचे नाहीत. या माणसाला फसवायचं माझ्याच्यानं झालं नाही.

मी बसमध्ये चढले. घड्याळात पावणेअकरा.

"प्रवासी नंबर अठ्ठावीस," मी म्हणाले.

आवाज जरा मोठाच निघाला. बाहेरचे लोक खिडक्यांशी आले. आण्णांनी सावकाश माझ्याकडं बघितलं. "काय?"

"तुम्ही फेकलेला पाना तुम्हाला शोधून आणायचाय. आणि त्या माणसाच्या हातात द्यायचाय."

"मी?"

"प्रवाशानं स्थानिक माणसाशी गैरवर्तन केलं, तर मॅनेजरनं त्याला समज द्यायची असा नियम आहे. तुमच्या पावतीच्या मागं छापलाय."

"तू मला समज देणार?"

"मॅनेजर देतेय."

आण्णांच्या मिशा थरथरल्या. "आणि नाही आणला तर?"

"तर ही सत्तावीस माणसं गाडी चुकतील," मी म्हणाले. "सगळे लेखी तक्रार देतील, आणि द्यायलाच पाहिजे. सांगलीत उतरल्यावर मी राजीनामा देईन. तुम्हाला हवाच आहे ना तो? मग बसा खिडकीत. काही करू नका."

बाहेर एक ट्रक गेला. आण्णा माझ्याकडं बघत होते, इंजिनाकडं बघावं तसे, कान देऊन. मग ते उठले. माझ्या शेजारून जाताना थांबले नाहीत. पायरी उतरले, धोतराचा सोगा खोचला आणि शेतात शिरले.

भाताची कापणी झालेली, टोकदार खुंट वर आलेले. वाकून वाकून ते शोधत होते, चपलेनं पेंढा बाजूला करत. बासष्ट वर्षांचा माणूस. सगळी बस बघायला लागली, तेव्हा नलिनीबाईंनी टाळी वाजवली. "चला, सगळे पलीकडच्या बाजूला! भडंगाचा पुडा फोडतेय मी. सांगलीचं भडंग परत घेऊन जायचंय का?" आणि एकेकाला दंडाला धरून त्यांनी बसच्या पलीकडं नेलं. शेताकडं पाठ करून सगळे भडंग खात उभे राहिले. बाईंचे ते उपकार मी विसरले नाही.

मी मात्र बघत होते. मला बघायलाच हवं होतं. वाटत होतं धावत जावं, म्हणावं आण्णा राहू द्या, चुकलं माझं. आणि त्याच वेळी एक मन ताठ उभं होतं.

वीस मिनिटांनी ते सरळ झाले. पाना हातात होता. बांधावर बसून त्यांनी तो आपल्या धोतरानं पुसला, जबड्यात अडकलेली माती काडीनं कोरून काढली, स्क्रू दोनदा मागं-पुढं फिरवून बघितला. मग शेडकडं निघाले. मी आणि गोलकबाबू मागोमाग गेलो.

बैरागी उठला नाही. आण्णा त्याच्यासमोर उभे राहिले. मला वाटलं गोलकबाबूंकडून काहीतरी बोलवून घेतील. पण ते खाली बसले, त्याच्यासारखेच उकिडवे. पान्याची मूठ बैरागीच्या बाजूला केली आणि दोन्ही हातांनी पुढं धरला.

"चुकलं माझं, उस्ताद," ते म्हणाले. मग छातीला बोट लावलं, बैरागीकडं बोट केलं, बसकडं केलं. "चेष्टा करू या का? दोघं?"

बैरागीनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं. आणि त्याला हसू आलं. असं छान हसला तो, सगळे दात दिसले. पाना घेऊन त्यानं कपाळाला लावला आणि म्हणाला, "आज्ञा."

त्यानंतर गोलकबाबूंचं काही काम उरलं नाही. माझं तर नव्हतंच. आण्णांनी सदरा काढून माझ्या अंगावर टाकला आणि गंजीवर गाडीखाली शिरले. दोन माणसं, दोन भाषा. आत नुसते पाना, नट, नळी, क्लॅम्प असले आवाज. 'टाइट' आणि 'लूज' दोघांचं एकच होतं. टाकीकडून येणारी नळी त्यांनी सोडवली. बैरागीनं तिचं एक टोक अंगठ्यानं दाबलं, नळी बादलीत बुडवली आणि दुसऱ्या टोकातून फुंकर मारली. पाण्यात बारीक बुडबुडे आले. क्लॅम्पच्या खाली केसाएवढी चीर होती.

"शाब्बास रे वाघा!" आण्णा मांडीवर थाप मारून ओरडले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बघ. कुठला कोण माणूस, कुठं शिकला. आणि रीत आमचीच."

बैरागीनं नळी शेडमध्ये नेऊन चिरेवर पितळ वितळवून ती बुजवली. तोवर त्याच्या बायकोनं सगळ्यांसाठी परातभर मुढी आणली. मुढी म्हणजे आपले चुरमुरेच, पण जाडे आणि खरपूस. नलिनीबाईंनी उरलेलं भडंग तिच्या पदरात ओतलं. तिनं तोंडात टाकलं आणि तिखटानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी हसत हसत आणखी मागितलं.

शेवटचं काम होतं एअर काढायचं. एकानं हातपंप दाबत राहायचं, दुसऱ्यानं नट ढिला करून हवा बाहेर सोडायची. दोघांचा हात जुळला नाही तर दिवसभर तेच करत बसा. आण्णा पंप दाबायला लागले. बैरागी बोट वर करायचा, आण्णा थांबायचे. बोट खाली, दाबायचे. बुडबुडे कमी होत होत नुसतं डिझेल वाहायला लागलं. बैरागीनं नट आवळला, ड्रायव्हरला हात केला. पहिल्या स्टार्टरला इंजिन लागलं.

सगळी बस टाळ्या वाजवत होती. घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं. बैरागीनं मजुरी घेतली, आण्णांच्या पाया पडायला वाकला, तर आण्णांनी त्याला वरच्या वर धरून मिठी मारली. दोघांचे गंजी सारखेच काळे झाले होते.

साडेतीनची गाडी आम्हाला मिळाली. पंधरा मिनिटं हातात ठेवून मिळाली.

पण आण्णा माझ्याशी बोलले नाहीत. रेल्वेत दोन दिवस एक शब्द नाही. शेवटच्या दिवशी मी सगळ्यांना अभिप्रायाचे कागद वाटले. त्यांनी आपला कागद हाताआड धरून लिहिला, पाकिटात घातला, थुंकी लावून बंद केला आणि माझ्या हातात न देता नलिनीबाईंच्या हातात दिला. मी समजले. चारचौघांत बापाला शेतात वाकवलं होतं मी. आता राजीनामा मागायचीही गरज नाही, लेखीच देऊन मोकळे झालेत.

सांगलीत उतरल्यावर चौथ्या दिवशी मगदूमशेठ यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एकच कागद. चेहरा असा, की मी खुर्चीत बसलेच नाही.

"सत्तावीस अभिप्राय उत्तम," ते म्हणाले. "एकानं मात्र हे काय लिहिलंय? तुझे वडीलच ना हे? ऐक." आणि त्यांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली.

"'मॅनेजरबाई फार चेष्टा करतात. सकाळी सर्वांच्या आधी उठून चेष्टा सुरू करतात ती रात्री सर्व झोपेपर्यंत. प्रसंगी सख्ख्या बापासमोरसुद्धा चेष्टा करायला कचरत नाहीत. चौतीस वर्षांच्या नोकरीत अशी चेष्टा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.'" शेठनी चष्मा काढला. "शैला, तू प्रवाशांची चेष्टा करतेस? अगं, वडिलांची तरी सोडायचीस!"

मला आधी हसू आलं. मग ते थांबेना. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तेही थांबेना. शेठ घाबरून पाण्याचा ग्लास पुढं करत होते. "शेवटी काय लिहिलंय बघा ना," मी कसंबसं म्हणाले. "नक्की काहीतरी लिहिलं असेल."

त्यांनी कागद उलटा केला. "'सबब यांना पुढील प्रत्येक सहलीस पाठवावे. रंगराव खराडे, प्रवासी नंबर अठ्ठावीस.'" शेठ कागदाकडं बघतच राहिले. "ही तक्रार आहे का काय आहे?"

मी त्यांना बैरागीची गोष्ट सांगितली. ऐकून झाल्यावर त्यांनी तो कागद घडी घालून मला देऊन टाकला. अजून माझ्याकडं आहे.

घरी आले तेव्हा आण्णा अंगणात बसून आईच्या शिलाई मशीनला तेल घालत होते. मी कागद त्यांच्यासमोर धरला.

"हे काय लिहिलंत? शेठना वाटलं मी खरंच चेष्टा करते. नोकरी गेली असती माझी!"

"जाईल कशी?" ते मशीनमधून डोकं न काढता म्हणाले. "चेष्टा थोडी मराठीतली आहे, थोडी तिकडची."

बारा दिवसांनी केरळची सहल होती. पहाटेची गाडी म्हणून मी दिवेलागणीलाच बॅग घेऊन निघाले, रात्री कंपनीतच थांबणार होते. दारातून बाहेर पडते तोच आण्णांनी बॅग माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. मी नको नको म्हणाले, ते ऐकतात होय? भर चौकातून, पानपट्टीवर माणसं उभी असताना, माझ्या शेजारून चालत राहिले.

"काय फोरमन," भिवानं हाक मारलीच. "पोरगी परत निघाली वाटतं? आता कुठं?"

आण्णा थांबले. एका हातानं बॅग सावरली, मान ताठ केली, आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "चेष्टा करायला! भारतभर!"

भिवाला काही कळलं नाही. तो हातातला चुना तसाच ठेवून आमच्याकडं बघत राहिला, आणि आम्ही दोघं हसत कंपनीकडं निघालो.